एका बालकलाकाराचे चौदा महिने

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यात चित्रीकरण झालेल्या एका मराठी चित्रपटातल्या मुख्य मुलीची कारकीर्द चौदा महिन्यांत सुरू होऊन संपली. ऑगस्टमध्ये निवड, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ३१ दिवसांचं चित्रीकरण, जुलैमध्ये पावसाचे चार दिवस आणि सप्टेंबरमध्ये डबिंग. निवड झाली तेव्हा ती तिसरीत होती, डबिंग संपलं तेव्हा चौथीत. सेटवरच्या मुलांची जबाबदारी आमच्याकडे होती. वेळापत्रक, कागदपत्रं, खाणंपिणं, अभ्यास, झोप आणि पाण्याजवळची सुरक्षा हे सगळं आमचं काम. इकडे शूटिंगं वाढली आहेत आणि वाडीतल्या घरात पहिला फोन येतो तेव्हा काय विचारायचं तेच कळत नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

निवडीसाठी आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांमधून फिरलो. आधी शाळा व्यवस्थापन समिती आणि मुख्याध्यापकांना भेटायचं, पालकांना निरोप जाऊ द्यायचा आणि मगच वर्गात जायचं. मुलांचे फोटो पालकांच्या होकाराशिवाय काढायचे नाहीत. फोटो चार लागतात: समोरून चेहरा, डावी बाजू, उजवी बाजू आणि पूर्ण उभा. बरोबर एक मिनिटाचा व्हिडिओ. व्हिडिओत नाव-गाव-इयत्ता झाली की शिक्षक लगेच म्हणतात, "ती नाट्यछटा करून दाखव." इथेच पहिली अडचण येते. स्नेहसंमेलनाला बक्षीस मिळवणारी मुलं हातवारे करून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलतात. दशावतार बघत वाढलेल्या मुलांचा आवाज तर आणखी वरच्या पट्टीत लागतो. रंगमंचावर ते योग्यच आहे, पण कॅमेरा तोंडापासून दोन हातांवर असतो. पाठ केलेलं म्हणणारं मूल समोरच्याचं ऐकत नाही, आणि चित्रपटात ऐकणारा चेहरा बोलणाऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ दिसतो.

म्हणून आम्ही संवाद देतच नाही. प्रसंग सांगतो: "आईनं दुकानात पाठवलं, पन्नासची नोट वाटेत हरवली, आता घरी आलीस." आई म्हणून समोर दुसरं कुणीतरी बसतं. ही मुलगी बराच वेळ काहीच बोलली नाही. ओच्यात हात घालून नोट शोधत राहिली, आणि मग मालवणीत म्हणाली, "आये, माका वाटता ती वाऱ्यान गेली." त्याच प्रसंगात आईला मध्येच भलताच प्रश्न विचारायला लावला, तेव्हाही ती अडखळली नाही. निवड तिथेच झाली.

तरी त्याच दिवशी कळवलं नाही. कळवण्याआधी दात बघायचे असतात, आणि हे बहुतेक निर्माते विसरतात. वरचे मधले दोन दुधाचे दात साधारण सहा-सात वर्षांत पडतात, त्यांच्या बाजूचे सात-आठमध्ये, आणि सुळे दहा ते बारामध्ये. आठ-साडेआठ वर्षांच्या मुलाचे पुढचे चारही पक्के दात आलेले असतील तर पुढचं वर्षभर तोंड बदलत नाही. हिचे तीन आले होते, डाव्या बाजूचा एक अजून दुधाचा होता. कुडाळच्या दंतवैद्यांनी बघून सांगितलं की तीन-चार महिने टिकेल, पुढची खात्री नाही. आम्ही तेव्हाच दातांचं माप घेऊन ठेवलं, म्हणजे दात पडलाच तर काढघालीचा खोटा दात चार दिवसांत तयार होतो. तो बसवून बोलायची सवय व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात, तेही हिशोबात धरावे लागतात.

मग कागद. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कामावर सरसकट बंदी आली, पण चित्रपट, मालिका, जाहिरात अशा करमणुकीच्या कामाला अटींवर सूट आहे. त्या अटी २०१७ च्या नियमांत आहेत. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे नमुना 'क' मध्ये हमीपत्र द्यायचं. सोबत मुलांची यादी, पालकांची लेखी संमती आणि सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे त्याच जिल्ह्याचे जिल्हाधिकारी लागतात. आमच्या निर्मिती व्यवस्थापकांनी कंपनीचं ऑफिस मुंबईत म्हणून अर्ज तिकडे नेला आणि त्यात अकरा दिवस गेले. कागद ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच यायला हवा होता. दुसरा घोटाळा तेरेखोलचा. किल्ल्याच्या पायथ्याचे दोन शॉट ठरले होते. शिरोडा-रेडीकडून बघितलं तर किल्ला आपल्यातलाच वाटतो, पण तो गोव्याच्या पेडणे तालुक्यात आहे. राज्य बदललं, जिल्हा बदलला, परवानगी नव्यानं. दोन शॉटसाठी ते परवडणारं नव्हतं, ते रेडीच्या किनाऱ्यावरच उरकले.

त्या नियमांतले हे आकडे पालकांना तोंडपाठ हवेत. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. शाळेचा अभ्यास चालू राहील याची व्यवस्था निर्मात्याची. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध कामच करून घ्यायचं नाही. हमीपत्र सहा महिने चालतं. आमचं ऑक्टोबरअखेरीस दिलेलं होतं, पावसाचे प्रसंग जुलैत होते, म्हणजे मुदत एप्रिलमध्येच संपली. जूनमध्ये नवं हमीपत्र दिलं. ते लक्षात राहिलं कारण ती तारीख वेळापत्रकाच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून ठेवली होती.

पाच तास कधीपासून मोजायचे यावर सेटवर रोज वाद होतो. शॉट चालू असेल तेवढाच वेळ धरा, असं दिग्दर्शन विभाग म्हणतो. आम्ही मेकपच्या खुर्चीत बसल्यापासून मोजतो, कारण मूल दमतं ते वाट बघून. सकाळी पावणेसात ते सव्वानऊ, दुपारी साडेतीन ते सहा, असे दोन तुकडे पाडले. मधल्या वेळात जेवण, दोन तास झोप आणि दीड तास अभ्यास. वर्गशिक्षकांकडून आठवड्याचा अभ्यास आधीच लिहून आणला होता, दर शनिवारी वह्या शाळेत तपासायला जात.

किनाऱ्यावर पाच तास पुरवायचे तर भरती-ओहोटी कळायला हवी. मुंबईहून आलेल्या पहिल्या वेळापत्रकात वाळूवरचे प्रसंग फक्त उजेड बघून लावले होते. कोळीवाडीतलं गणित साधं आहे: तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ निघते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दुपारची आणि रात्रीची, दोन्हीकडची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, पण आखणीला पुरतं. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. आता बघा: आम्हाला संध्याकाळच्या मऊ उजेडात लांबवर ओली वाळू हवी होती. डिसेंबरात इथं सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे ओहोटी साडेपाचला हवी, म्हणजे भरती सव्वाअकराला, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या. त्या दिवसांत उधाण असल्यानं पाणी हटतंही लांब. लाटा जवळ आणि वाळूची पट्टी अरुंद हवी असलेला प्रसंग षष्ठी-सप्तमीला गेला. हे आधी केलं नाही तर मुलगी पाणी उतरायची वाट बघत बसते आणि तिचे पाच तास बसण्यातच संपतात. पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ तशी गेली. एकही शॉट न घेता सहा वाजता तिला घरी सोडली. त्यानंतर वेळापत्रकाच्या कागदावर तारखेशेजारी तिथी यायला लागली.

पाण्याचे आमचे नियम कडक होते. घोट्याच्या वर पाणी असेल तर दोन पोहणारी माणसं कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, हाताच्या अंतरावर. होडीत बसायचं तर झग्याच्या आत पातळ लाइफ जॅकेट. झगा त्यासाठी एक माप मोठा शिवलेला. कातळावर चालायचं तर आदल्या दिवशी ओहोटीला जाऊन वाट बघून यायची. शेवाळ दिसतं, कालवांच्या धारा दिसत नाहीत. कालव लागलं की पाय ब्लेडनं कापल्यासारखा कापतो आणि खारट पाण्यात दोन-तीन दिवस काम बंद. अनवाणी धावायच्या वाटेवरची कालवं आम्ही खरवडून काढली आणि तळव्यांना कातडीच्या रंगाचं पातळ रबर चिकटवलं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायच्या प्रसंगात दोर खरे रापणकरच ओढत होते. तिचा हात दोराच्या शेवटच्या, सैल टोकावर होता, कारण ओल्या दोरानं लहान हाताची साल निघते.

रडण्याच्या प्रसंगाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मूल रडावं म्हणून त्याला खोटं सांगणं, आई गावी निघून गेली म्हणणं, चिमटा काढणं, ओरडणं हे प्रकार अजूनही चालतात. असं केलं की एक शॉट मिळतो आणि दुसऱ्या दिवसापासून मूल सेटवर कुणावरच विश्वास ठेवत नाही. ग्लिसरीन मुलांच्या डोळ्यांत आम्ही घालू देत नाही, ते झोंबतं आणि डोळे लाल होतात. आम्ही श्वासावर काम केलं. नाकानं तीन छोटे श्वास आत, तोंडानं एक लांब बाहेर, असं चार-पाच वेळा केलं की छाती आणि ओठ आपोआप थरथरतात. गालावरचं पाणी ड्रॉपरनं, शॉटच्या अगदी आधी. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. आणि "कट" झाल्यावर मुलीला त्या प्रसंगातून बाहेर काढायचं. तिच्या नावानं हाक मारायची, पात्राच्या नावानं नाही. नववा टेक झाल्यावर एकदा ती नुसतं म्हणाली, "माका कंटाळो इलो." आम्ही घड्याळ न बघता तिचं काम थांबवलं.

कपड्यांचं आणि रंगाचं गणित निराळं. आठ दिवस किनाऱ्यावर राहिलं की मूल दोन छटा काळवंडतं, आणि चित्रीकरण कथेच्या क्रमानं होत नाही. घरातले, शाळेतले प्रसंग आधी आणि किनाऱ्यावरचे नंतर घेतले की कथेतल्या उन्हाळ्याशी ते जुळतं. शॉटच्या मध्ये लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी सक्तीची. निळ्या सुती झग्याच्या चार प्रती शिवल्या. वाढत्या अंगासाठी खाली तीन बोटं दुमड ठेवली. आमची चूक इथे झाली. मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, जुलैपर्यंत ती साडेतीन सेंटिमीटर वाढली, दुमड उसवली आणि आतलं कापड गडद निळं निघालं. बाहेरचं उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं विटलेलं, खाली गडद पट्टा. चौथी प्रत पहिल्यापासून दुमड न घालता ठेवायला हवी होती आणि बाकीच्यांबरोबरच धुवून उन्हात वाळवायला हवी होती. शेवटी तो पट्टा चार दिवस मिठाच्या पाण्यात भिजवून, ब्रशनं घासून, उन्हात टाकून जुळवला.

जुलैच्या त्या चार दिवसांत दातही गेला होता. फेब्रुवारीत पडला. खोट्या दाताचं माप होतं, पण जुलैत पक्का दात अर्धा वर आला होता आणि वर खोटा बसेना. कॅमेरा तिच्या उजवीकडून लावला, दोन वाक्यं पाठमोरी घेतली, एक वाक्य आईच्या तोंडी दिलं. अंगावर पाऊस होता म्हणून निभावलं.

आवाजाचा प्रश्न शेवटपर्यंत पुरला. किनाऱ्यावर लाटांची गाज सतत असते. एका शॉटमध्ये ती जास्त, दुसऱ्यात कमी, मग जोडताना आवाज उड्या मारतो. घरातले संवाद जागेवरचे ठेवले, वाळूवरचे जवळजवळ सगळे डब करावे लागले. त्यासाठी मुंबई: रात्री कुडाळला कोकणकन्या गाडी पकडायची, सकाळी दादर. पहिल्या दिवशी काम नाही, फक्त स्टुडिओ दाखवायचा, हेडफोन लावून तिचाच आवाज ऐकवायचा. मुलांना पडद्यावरच्या ओठांबरोबर पूर्ण वाक्य म्हणणं जमत नाही. तीन-चार शब्दांचा तुकडा तीनदा ऐकवायचा आणि चौथ्यांदा तिनं म्हणायचं. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही, पुढे घसा बसतो. नव्या दाताच्या फटीतून 'स' आणि 'च' शिट्टीसारखे निघत होते, चित्रात मात्र जुना दात. माइक तोंडासमोरून थोडा बाजूला, गालाच्या रेषेत घेतला, तेव्हा शिट्टी बरीच कमी झाली. दुसरी गोष्ट, मुंबईत चार दिवस राहिल्यावर तिची मालवणी पुस्तकी व्हायला लागली. आईला आत बोलावलं, प्रत्येक तुकड्याआधी दोघींना आपसात बोलायला लावलं, मग सूर परत आला.

आता पैसे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाशी केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे टिकत नाही, त्यामुळे करार पालकाशी होतो. त्यात दिवसांची संख्या, पाच तास, पावसाचे जादा दिवस, डबिंगचे दिवस, प्रसिद्धीचे दिवस, केस कापायचे की नाही, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्यायचं. 'चित्रपट पूर्ण होईपर्यंत' असं वाक्य असेल तर सही करू नका. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकणं नियमानं बंधनकारक आहे. पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं म्हणून वडील तिकडे वळत होते, पण नियम राष्ट्रीयीकृत बँकेचाच आहे. चित्रपटांत हा प्रश्न जुना आहे. चॅप्लिनबरोबर १९२१ च्या मूकपटात झळकलेल्या जॅकी कूगनची कमाई त्याच्या आईनं आणि सावत्र वडिलांनी संपवली, त्यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. तिथं पंधरा टक्के वाटा बाजूला ठेवणं २००० पासून सक्तीचं झालं.

आपल्याकडचा हिशोब असा. करार एक लाखाचा असेल तर दहा टक्के, म्हणजे दहा हजार, टीडीएस कापला जातो. मुलाचं पॅन नसेल तर वीस टक्के जातात, म्हणून पॅन आधी काढा, अज्ञान मुलाचंही निघतं. वीस हजार ठेवीत, सत्तर हजार खात्यात. मुलानं स्वतःच्या कलेनं मिळवलेलं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, विवरणपत्र मुलाच्या नावानं पालकानं भरायचं आणि कापलेला कर परत मागायचा. ठेवीचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. आमच्या निर्मात्यांनी ठेव शेवटच्या हप्त्याबरोबर करू म्हटलं आणि शेवटचा हप्ता पाच महिने लांबला. प्रत्येक हप्त्यातून वीस टक्के ठेव, पावतीची प्रत आठ दिवसांत, असं करारातच लिहून घ्या.

चित्रपटानंतर फोन आले, ते मालिकांचे. महिन्याला वीसेक दिवस काम, मुंबईत राहायचं, शाळा सोडायची. एका जाहिरातीसाठी बोलावलं ते बोलणं 'स्वच्छ' करायच्या अटीवर. घरच्यांनी दोन्हीला नाही म्हटलं, आणि आमच्या मते बरोबर केलं. मुलींच्या बाबतीत दहा-अकरा वर्षांनंतर चेहरा आणि उंची बदलते, 'लहान मुलगी' म्हणून कुणी घेत नाही, आणि तरुण मुलीची भूमिका मिळायला सात-आठ वर्षं जातात. शर्ली टेंपल १९३५ ते १९३८ अमेरिकेत तिकीटबारीवर पहिली होती, बाविसाव्या वर्षी चित्रपटांतून निवृत्त झाली. तिच्यासारखीलाही ती मधली वर्षं पार करणं जड गेलं. कुडाळच्या मुलीनं त्यासाठी शाळा सोडणं आम्हाला पटणारं नव्हतं.

चित्रपट लागला तेव्हा ती पाचवीत होती आणि नवोदयच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. प्रसिद्धीचे करारातले दोन दिवस तिनं दिले. पडद्यावर ती आठ वर्षांची आणि समोर त्याहून डोकंभर उंच मुलगी, त्यामुळे तालुक्याच्या थिएटरबाहेर बऱ्याच जणांनी तिच्या धाकट्या मावसबहिणीबरोबर फोटो काढले.

ठेवीची पावती आईच्या ट्रंकेत आहे. पावतीमागे पेन्सिलीनं तिच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवायला सांगितली आहे. त्या दिवसापासून पालकाची सही बँकेत चालत नाही. नवा फोटो, आधार, पॅन घेऊन तिला स्वतः जाऊन नमुना सही द्यावी लागेल. तोपर्यंत ठेवीची मुदत संपेल तेव्हा नूतनीकरण तिच्याच नावानं झालं का, हे पावतीवर दर वेळी वाचून बघायचं. खिडकीवर घाईत ती वडिलांच्या नावावर जाण्याचे प्रकार होतात.